माझ्या बाजूचा ब्रेक

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लिहा. छातीत धडधडलं की कधी धडधडलं, त्याआधी काय चाललं होतं, सगळं लिहून ठेवा. म्हणजे डॉक्टर त्या आणि शोधायचं मी.

ईसीजी काढला, तो ठीक. रक्त तपासलं, ते ठीक. "तुमच्या हृदयात काही दोष नाही," म्हणाल्या आणि मी आता आनंदाने उडी मारीन अशा अपेक्षेने बघत राहिल्या. दोष नाही तर खुर्चीत नुसतं बसलेलं असताना आत हे कोण पळतंय?

मग विचारलं, "काळजी फार करता का?"

"काळजी नाही करत. मला राग येतो."

"कशाचा?"

"सध्या तुमच्या प्रश्नाचा."

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तर मी लिहिणार आहे. आतली खरी भानगड एक दिवस सापडेल, तेव्हा हे सगळं त्यांच्या टेबलावर आपटणार आहे. घरी कोणाला बोललेले नाही. नवरा हळवा आहे, उगाच जिवाला घोर लावून घेईल. लेक परगावी शिकते, तिची परीक्षा तोंडावर आली आहे. काही गोष्टी घरच्यांना न सांगण्यातच शहाणपण असतं.

आज: सकाळी, गाडीत बसायच्या आधी. घशात आवंढा अडकल्यासारखा. पाणी प्यायले तरी खाली जात नाही.

६ फेब्रुवारी

मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या पायाशी तीन पेडल असतात आणि माझ्या पायाशी एक, ब्रेकचं. इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या गाडीला ओरखडा नाही. आमच्या ड्रायव्हिंग शाळेतल्या बाकीच्या गाड्या बघा, पोचे पडलेल्या डब्यांसारख्या दिसतात.

आज बेकरीवालीचा तास होता. बाई चाळिशीची, स्वतःची बेकरी आहे, पाव पोचवायला व्हॅन घेतली आहे आणि ड्रायव्हर टिकत नाही म्हणून स्वतः शिकतेय. हात चांगला आहे तिचा. पण डोळे कुठे असतात देव जाणे. चौकात उजवीकडून सायकलवाला येत होता, समोर ट्रक उभा होता, ट्रकच्या मागून कोणीही पळत येऊ शकलं असतं. मी ब्रेक मारला. पुढे वळणावर मारला. शाळेच्या भिंतीपाशी मारला, सुट्टी असली म्हणून काय झालं, पोरं सुट्टीतही हिंडतात.

"बाई, मी मारणारच होते ब्रेक," ती म्हणाली.

"मारणारच होते, हे लोकांच्या थडग्यावर लिहिलेलं असतं."

तिने नजर रस्त्यावर वळवली. बरं झालं.

उजव्या पोटरीत गोळा आला. तास संपला तरी पाय जमिनीवर सरळ टेकवता येईना. छाती: चौकात, वळणावर, भिंतीपाशी. म्हणजे दमल्यामुळे. लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी

लेक फोन उचलेना. दुपारभर. मी काही वेडी नाही, आधी वाट पाहिली. मग हॉस्टेलच्या बाईंना केला, त्या म्हणाल्या बाहेर गेली असेल. असेल म्हणजे? ती तुमच्या ताब्यात आहे की नाही? मग तिच्या मैत्रिणीला केला, मग मैत्रिणीच्या आईला. तोवर मी मनाने अपघात विभागाच्या दारात पोचले होते. तिने कोणता ड्रेस घातला असेल इथपर्यंत.

संध्याकाळी तिचाच फोन. लायब्ररीत होती.

"आई, तू तिच्या आईला फोन केलास? तिने सगळ्यांना सांगितलं. आता सगळे मला विचारतायत, सापडलीस का म्हणून."

"मग फोन उचलायचा."

"फोन बंद होता, आई. लायब्ररीत बंद ठेवतात."

"तू ठेवू नकोस."

तिनेच फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीसाठी माझे हातपाय गार पडले होते, ती सुखरूप आहे हे कळल्यावर मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. नवरा म्हणाला, "सापडली ना, मग झालं." झालं काय? याचं सगळं कधीच झालेलं असतं.

बोटांना मुंग्या. जेवले नाही.

१३ फेब्रुवारी

दाढ तुटली. साध्या पावाचा तुकडा चावताना. दातांचा डॉक्टर कोवळा पोरगा आहे, त्याने आरशात माझे सगळे दात दाखवले, कडा झिजून सपाट झाल्या आहेत.

"तुम्ही झोपेत दातओठ खाता," म्हणाला.

"जागेपणीही खाते."

"कोणावर?"

त्याच्या हातात ड्रिल होतं म्हणून नाव सांगितलं नाही.

रात्री दातांवर बसवायला प्लास्टिकचं कव्हर करून देणार आहे. म्हणजे दात वाचतील. आणि मी कव्हर खाईन.

२० फेब्रुवारी

आज असा अपमान आयुष्यात झाला नव्हता.

बेकरीवालीची परीक्षा होती. परीक्षेत माझ्या जागी परीक्षक बसतो. मी मैदानाच्या कडेला उभी. गाडी छान निघाली, छान वळली. थांबायच्या रेषेपाशी आली आणि तशीच पुढे. रेषा ओलांडून समोरच्या खांबावर जाणार, तेवढ्यात परीक्षकाने ब्रेक मारला. त्याने खाली उतरून विचारलं, रेषा दिसली नाही का? ती म्हणाली, "दिसली. पण मला वाटलं, ब्रेक बाईच मारतात."

तिथे उभे असलेले सगळे हसले. परीक्षकसुद्धा. ती बिचारी हसत नव्हती, खरंच विचार करत असल्यासारखं तोंड करून उभी होती.

मालकांनी ऑफिसात बोलावलं. मालक म्हणजे आमची शाळा चालवणारे, वयाने माझ्याहून लहान, पण बोलताना आजोबा. "तुमच्या गाडीला ओरखडा नाही आणि तुमची माणसं पास होत नाहीत. मी बरेच दिवस बघतोय."

"मी जीव वाचवते त्यांचे."

"ते तुमच्याशिवाय रस्त्यावर जातील तेव्हा कोण वाचवणार?" मग म्हणाले, "तिला पुन्हा तुम्हीच तयार करायचं. पण पाय सीटखाली. पेडलला पाय लागला तर ती दुसऱ्याकडे जाईल, आणि तिच्यामागून बाकीचेही."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. हे स्वतः कधी नवशिक्याशेजारी बसले होते, ते त्यांनाही आठवत नसेल. मी दार आपटून आले. बाहेर आल्यावर इतकं धडधडलं की पार्किंगच्या कठड्यावर बसावं लागलं. वाटलं आत्ताच जाणार. आणि माझ्या मरणावरही हा माणूस म्हणेल, ब्रेक लवकर मारला.

२२ फेब्रुवारी

काही नाही. तेच.

२६ फेब्रुवारी

नवऱ्याचं काहीतरी चाललंय.

तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. वीस वर्षं ठरलेल्या वेळी घरी येतो, इतका ठरलेला की शेजारीण त्याच्यावर घड्याळ लावते. गेल्या आठवड्यापासून उशीर. दुकानात मालमोजणी आहे म्हणे. जेवताना लक्ष नाही. काल मानेवर चिकटपट्टी होती. "दाढी करताना कापलं." त्या जागी त्याला दाढी येतच नाही.

आणि आज मी कपडे वाळत घालत होते तर हा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला फोनवर हळू आवाजात. "आईला काही सांगू नकोस," एवढंच ऐकू आलं. माझी चाहूल लागताच, "हो हो, अभ्यास कर," असं मोठ्याने.

म्हणजे लेकीचं काहीतरी आहे. नापास झाली? का कोणी मुलगा आहे? का त्याहून पुढचं काही? आणि हा तिला पाठीशी घालतोय. मला बाहेर ठेवून दोघांची गट्टी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण माझं मन चिंततंय ते खोटं ठरलं असतं तर मी ते कधीच सोडून दिलं असतं. मला एकदा कळू दे, मग बघते.

खांदे कानापर्यंत चढले आहेत. खाली आणले की पुन्हा चढतात.

३ मार्च

हात थरथरतोय, अक्षर वाकडं येईल.

दुपारचा तास रद्द झाला, तशी सरळ दुकानात गेले. त्याला समोरासमोर विचारायचं ठरवलं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "ते नाहीत. आज रिपोर्ट ना त्यांचा?" आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. कुठल्या हॉस्पिटलात, ते मी तिच्याकडून काढून घेतलं. फार गोड आवाजात काढलं. आपल्याला असा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर, भिंतीला लागून निळी बाकं. शेवटच्या बाकावर नवरा आणि त्याच्या शेजारी माझी लेक. परगावी असलेली, परीक्षा तोंडावर असलेली माझी लेक. मधे बिस्किटांचा पुडा. आणि दोघं हसत होती.

ते हसणं मी विसरणार नाही. माझ्यासमोर ती दोघं असं हसत नाहीत. माझ्यासमोर हसण्याआधी दोघं एकदा माझ्याकडे बघून घेतात.

मला पाहिल्यावर पुडा खाली पडला.

"काय झालंय?" मी म्हटलं. "आणि कोणाला झालंय?"

"बस आधी," नवरा म्हणाला.

"मी बसणार नाही."

मानेत गाठ होती त्याच्या. महिन्यापासून. सुई घालून तुकडा काढला होता, ती चिकटपट्टी त्याचीच. रिपोर्ट मी पोचायच्या आधीच हातात आला होता. साधी गाठ आहे, कर्करोग नाही. वाढत राहील म्हणून काढून टाकायची, छोटं ऑपरेशन.

मी ओरडले. सगळा कॉरिडॉर ऐकत होता आणि मी ओरडत होते. महिनाभर माझ्या शेजारी झोपून, माझ्या हातचं खाऊन, तोंडावर खोटं. मी बायको आहे की भाडेकरू? नवरा खाली पडलेली बिस्किटं वेचत होता. सगळी वेचून झाल्यावर म्हणाला,

"मला फक्त गाठीची भीती वाटत होती. तेवढी माझ्या आवाक्यात होती. तुला सांगितलं असतं, तर तुझी पण सांभाळावी लागली असती."

"मी काय भार आहे तुमच्यावर?"

यावर लेक बोलली. "आई, बाबांनी सांगितलं तेव्हा मी रडले आणि मोकळी झाले. तू रडत नाहीस. तू सगळ्यांना कामाला लावतेस. बाबांना रोज चार फोन, मला सहा, कुठे आहात, काय खाल्लं, गाठ वाढली का, दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर. त्यांना घाबरायला जागाच उरली नसती."

माझ्या पोटच्या पोरीने. लोकांच्या देखत.

मी डॉक्टरांना भेटले. त्या दोघांना विचारायला सुचलं नव्हतं ते सगळं विचारलं: भूल कसली देणार, आवाजाच्या नसेला धोका किती, घरी कधी सोडणार. सगळी उत्तरं नीट ऐकली. मग एकटीच घरी आले.

४ मार्च

कोणाशी बोललेले नाही. लेक सकाळच्या गाडीने परत गेली. जाताना पाठीमागून मिठी मारली, मी भांडी घासत होते, घासत राहिले.

एक गोष्ट लिहून ठेवते, पण ही त्या डॉक्टरीणबाईंना दाखवणार नाही, उगाच खूश होतील. काल कॉरिडॉरमध्ये धडधडलं नाही. दुकानातून निघाल्यापासून डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत हृदय आपल्या जागी होतं, हात कोरडे. लेक लायब्ररीत बसली होती तेव्हा मी मरायला टेकले होते, आणि नवऱ्याच्या गळ्यात खरीखुरी गाठ निघाली तेव्हा दगडासारखी उभी. घरी येऊन वही उघडली तेव्हा हात थरथरायला लागला.

याचा अर्थ मला लागत नाही. लावायचाही नाही.

८ मार्च

भांडायलाच गेले होते. टेबलावर काही आपटलं नाही, कारण आपटण्यासारखं सापडलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हीच वाचून दाखवा. मी वाचलं, ४ मार्च सोडून.

शेवटी म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात काळजी नाही, राग. मी ऐकताना मोजत नव्हते, पण राग आला की त्याच्या आधीच्या ओळीत दर वेळी 'काय झालं असेल' आहे."

त्याला चिंताविकार म्हणतात. नाव आहे म्हणे. घसा, दात, पोटरी, मुंग्या, खांदे, चिडचिड, सगळं एकाच घरचं. गोळी दिली, ती लागू पडायला काही आठवडे लागतील आणि आधी कदाचित बरं वाटणार नाही, हेही सांगितलं. समुपदेशकाचा पत्ता दिला.

"मनाचा खेळ आहे म्हणा ना सरळ," मी म्हटलं.

"तुमची दाढ खरोखर तुटली आहे. खेळ कसा म्हणू?"

माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत म्हणाल्या. मग ती सगळी कुठे असतात? रस्त्यावर तर मला एकटीलाच ट्रकच्या मागून पळत येणारं पोर दिसतं. बाकीचे शिट्टी वाजवत चाललेले असतात. याचाच मला राग आहे, बहुतेक. सगळ्यांच्या वाटची काळजी मी करायची, आणि वर आजारीही मीच.

गोळी घेतली. पाण्याच्या घोटाबरोबर चार शिव्याही गेल्या.

१७ मार्च

बेकरीवालीचा तास. पाय सीटखाली घातले आणि घोट्यांशी एकमेकांत आवळून धरले. तिला सांगितलं, आज ब्रेक फक्त तुझ्याकडे आहे.

"बाई, खरंच नाही मारणार?"

"नाही."

"मी चुकले तरी?"

मी घोटे आणखी आवळले. "चुकलीस तर ओरडेन."

चौकात तिची गाडी बंद पडली. मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. मला त्या प्रत्येकाला गाडीतून ओढून काढावंसं वाटत होतं. तिने पुन्हा सुरू केली. पुढे एक म्हातारा माणूस बघता बघता रस्त्यात उतरला. मला तो आधीच दिसला होता. तिला उशिरा दिसला. माझा पाय सीटखालून सुटला, हवेत थांबला, आणि मी मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली. तिने ब्रेक मारला. उशिरा, जोरात, माझं कपाळ पुढे आपटता आपटता राहिलं. पण थांबली. म्हातारा आम्हाला हात दाखवून निघून गेला.

ती माझ्याकडे बघून हसायला लागली. माझ्या अंगातला कुडता पाठीला चिकटला होता. मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि उतरून कोपऱ्यावर जाऊन ओकले.

ती मागून पाण्याची बाटली घेऊन आली. "इतकं वाईट चालवलं का मी?"

"नाही," मी म्हटलं. "बरं चालवलंस." हे तिला सांगताना मला कोणाचा राग येत होता ते कळलं नाही. आला मात्र भरपूर.

२४ मार्च

नवऱ्याचं ऑपरेशन झालं. नीट झालं. मी त्याला दिवसभरात किती वेळा कसं वाटतंय विचारलं ते इथे लिहीत नाही. गोळीमुळे तोंड कोरडं. घशातला आवंढा मात्र दोन दिवस आठवला नव्हता, आत्ता लिहिताना आठवला.

२ एप्रिल

टाके काढायचे होते. काल संध्याकाळी नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "उद्या टाके काढायचेत. येतेस?" भाजी चिरत होते. त्या कॉरिडॉरनंतर त्याने आपणहून काही सांगितल्याची ही पहिली वेळ. मी नुसतं "येते" म्हटलं. आणखी सात प्रश्न गिळले.

आज वाट बघत त्याच निळ्या बाकांवर बसलो. त्याने विचारलं, "काय चाललंय डोक्यात?"

नेहमी मी 'काही नाही' म्हणते. आज म्हटलं, ऐकायचंय तर ऐक. आणि सांगितलं सगळं. टाका आतच राहील, पू होईल, रिपोर्ट दुसऱ्याच कोणाचा असेल, तुझा आवाज जाईल, दुकानातून काढतील, लेकीचं शिक्षण अर्ध्यावर राहील, आणि तिकडे ती रस्ता ओलांडताना फोनवर बोलत असेल. तो ऐकत होता. आवाज जाण्यापाशी हसला. मला चीड आली, आणि त्या चिडीच्या भरातच पुढचं तोंडून निघून गेलं. की छातीत धडधडतं, वर्षापासून. की मी ईसीजी काढला. की गोळ्या घेते, पिठाच्या डब्यामागे ठेवते.

त्याचं हसणं थांबलं.

"वर्षापासून?"

"ठीक आहे सगळं. हृदय ठीक आहे."

"आणि मला बोलली नाहीस. एकटी गेलीस ईसीजीला?" तो उठून उभा राहिला. आवाज इतका चढला की समोरच्या बाकावरच्या बाईने पोराला जवळ घेतलं. "या इथे उभी राहून 'मी बायको की भाडेकरू' विचारलंस, मला खोटारडा ठरवलंस. आणि तू? काही झालं असतं तर मला कोण सांगणार होतं, तुझी ती बेकरीवाली?"

संसाराच्या इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नव्हता. तो कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. मीही उठले, तेवढ्याच मोठ्याने उत्तर द्यायला. शब्द तयार होते. मग तो वळला आणि मला त्याचा चेहरा दिसला. जबडा आवळलेला, ओठ पांढरे, खांदे कानापर्यंत. हाताची बोटं तो चोळत होता, मुंग्या आल्यासारखी.

रागावलेलं माणूस असं दिसत नाही. मी आरशात रोज बघते, मला माहीत आहे हे कसं दिसतं.

मी परत बाकावर बसले. नर्सने त्याचं नाव पुकारलं. तो आत गेला, टाके काढून आला, मानेला नवी पट्टी. बसमध्ये शेजारी बसलो, तो खिडकीकडे तोंड करून. उतरायच्या थांब्याच्या थोडं आधी त्याने विचारलं,

"परत कधी बोलावलंय तुला?"

"बुधवारी."

"मी येतो."

"काही गरज नाही. तुझं दुकान आहे, आणि मानेचं अजून..."

"मी विचारत नाहीये," तो म्हणाला, अजून तसाच घुश्शात.

मला राग आला. मी सरकून त्याला खिडकीशी नीट जागा करून दिली, मानेला धक्का लागू नये म्हणून, आणि बुधवारी किती वाजता निघायचं ते सांगितलं.